पेस्ट कंट्रोलवाल्याला घरात घेण्याआधी: परवाना, दर आणि काम तपासून घ्यायची पद्धत

पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन लावला की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती घेणार?" समोरून आकडा येतो, आपण दोनशे रुपये कमी करायला लावतो आणि दुसऱ्या दिवशी पाठीवर पंप घेतलेला एक मुलगा दारात उभा राहतो. त्या पंपात काय आहे, ते कुणी कालवलं, कालवणाऱ्याला तसा परवाना आहे का, हे विचारायचं राहूनच जातं. दुधाच्या पिशवीवरची तारीख बघणारे आपण, स्वयंपाकघरात विष फवारणाऱ्याचा कागद मात्र बघत नाही.

हा लेख प्रामुख्याने महाराष्ट्रातल्या शहरी घरांसाठी आणि सोसायट्यांसाठी आहे. मूळ कायदा केंद्राचा असल्यामुळे परवान्याचा भाग गोव्यात, बेळगावात किंवा इंदूर-बडोद्यात राहणाऱ्यांनाही लागू पडतो. फक्त परवाना देणारं कार्यालय त्या त्या राज्याचं असतं.

आधी शत्रू ओळखा

"घरात किडे झालेत, फवारणी करून द्या" असं सांगितलंत तर जी करायला सोपी ती फवारणी होईल. उपाय कीटकाप्रमाणे बदलतो, आणि दरही.

झुरळांचंच घ्या. ओट्याखाली, ट्रॉलीच्या बिजागरीत, मिक्सरच्या बुडाशी, फ्रिजच्या मोटरजवळ दिसतं ते छोटं, फिकट तपकिरी, मानेमागे दोन काळ्या रेघा असलेलं झुरळ म्हणजे जर्मन झुरळ. ते घरातच राहतं, घरातच वाढतं. मादी अंड्यांची पिशवी पोटाला चिकटवून फिरते आणि एका पिशवीत साधारण 30 ते 40 अंडी असतात. फवारणीने मोठी झुरळं मरतात, पिशवीतली अंडी बऱ्याचदा वाचतात आणि काही आठवड्यांनी पुन्हा तेच चित्र दिसतं. या झुरळावर उपाय जेलचा, म्हणजे झुरळं खाऊन मरतात अशा विषारी आमिषाच्या ठिपक्यांचा. मोरीतून, गटाराच्या चेंबरमधून रात्री वर येणारं, लालसर, बोटाएवढं झुरळ वेगळं. त्याचं मूळ घरात नसतं, ड्रेनेजमध्ये असतं. तिथे स्वयंपाकघरात कितीही जेल लावलं तरी फरक पडत नाही. चेंबरमध्ये फवारणी आणि मोरीला नीट बसणारी जाळी, हा त्यावरचा उपाय.

लाकडातही असाच घोळ होतो. वाळवी मातीच्या नळ्या करून चालते. भिंतीच्या कडेला, दाराच्या चौकटीत, कपाटाच्या मागच्या फळीवर मातीची रेघ दिसली तर ती वाळवी. माती कुठेच नाही, पण फर्निचरला टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं आहेत आणि खाली पिठासारखा भुसा पडतोय, तर तो लाकूड पोखरणारा भुंगा. पेस्ट कंट्रोलवाले त्याला 'बोरर' म्हणतात. बोररसाठी भिंतींना भोकं पाडायची काहीएक गरज नसते, औषध लाकडातच सोडायचं असतं. तरीही बोररच्या घरात वाळवीचं पूर्ण काम विकलं जातं, कारण त्याचं बिल मोठं होतं.

ढेकूण गादीच्या शिवणीत, पलंगाच्या सांध्यात, स्क्रूच्या खाचेत आणि भिंतीवरच्या फ्रेममागे असतात. शिवणीवर काळे बारीक ठिपके दिसले की समजावं. अंडी साधारण आठवडा-दहा दिवसांत फुटतात. म्हणून ढेकणांचं काम एका फेरीत संपतं असं सांगणाऱ्याला तिथेच नाही म्हणा. पंधरा दिवसांच्या आसपास दुसरी फेरी हवीच.

फोन करण्यापूर्वी मोबाइलवर चार फोटो काढून ठेवा: कीटक, त्याची विष्ठा किंवा भुसा, जागा आणि आजूबाजूची ओल. फोटो पाठवल्यावर प्रश्न विचारणारा माणूस आणि फोटो न बघताच दर सांगणारा माणूस, यातला फरक आपोआप कळतो.

पैसे देण्याआधी फुकटात काय होतं ते बघा

डास आणि सार्वजनिक जागेतले उंदीर ही महापालिकेची जबाबदारी आहे. मुंबईत महापालिकेचा कीटकनाशक विभाग हे काम बघतो. रात्रपाळीत उंदीर मारणारे कर्मचारी ठेवणारी ही महापालिका. तक्रारीसाठी 1916 हा क्रमांक आहे. बाकी शहरांत प्रभाग किंवा क्षेत्रीय कार्यालयाच्या आरोग्य विभागाकडे धूरफवारणीची मागणी नोंदवता येते. पण धुराने उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळ्या नाही. गच्चीवरची उघडी टाकी, कुंडीखालची ताटली, बंद फ्लॅटमधलं कमोड आणि बांधकामाच्या खड्ड्यातलं पाणी तसंच राहिलं तर आठवड्याभरात नवी पिढी तयार.

सोसायटीत राहत असाल तर आणखी एक गोष्ट. एकट्या तुमच्या फ्लॅटमध्ये काम करून घेतलंत आणि डक्ट, चेंबर, कचऱ्याची जागा तशीच राहिली, तर झुरळं शेजारून परत येतात. सामाईक जागा सोसायटीने करून घ्यायच्या आणि त्याच फेरीत इच्छुक फ्लॅटधारकांनी आपापल्या खर्चाने आतलं काम करून घ्यायचं, ही सगळ्यांत परवडणारी पद्धत. वीस-पंचवीस घरं एकाच दिवशी मिळाली की ठेकेदाराचा येण्याजाण्याचा वेळ वाचतो आणि दर खाली येतो. समितीने तीन कोटेशनं मागवताना दराबरोबर परवान्याची प्रतही मागवावी, आणि ती बैठकीच्या कागदपत्रांना जोडावी.

साप किंवा आग्या मोहोळ निघालं तर पेस्ट कंट्रोलवाला बोलावूच नका. सापांना वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 लागू आहे. वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. मोहोळासाठी ते न मारता हलवणारे लोक असतात, त्यांना बोलवा.

परवाना: गुमास्ता म्हणजे परवाना नव्हे

परवाना दाखवा म्हटलं की बहुतेक जण व्हॉट्सअ‍ॅपवर तीन कागद पाठवतात: शॉप अ‍ॅक्ट म्हणजे गुमास्ता, उद्यम नोंदणी आणि जीएसटीचं प्रमाणपत्र. जोडीला एखादं आयएसओचं सोनेरी कडेचं प्रमाणपत्र. यातला एकही कागद विषारी औषध वापरण्याची परवानगी देत नाही. महाराष्ट्रात 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार दहापेक्षा कमी कामगार असलेल्या धंद्याला तर नुसती सूचना दाखल करून पावती मिळते. ती पावती वडापावच्या गाडीवाल्यालाही मिळते आणि पेस्ट कंट्रोलवाल्यालाही.

खरा परवाना कीटकनाशके अधिनियम, 1968 आणि त्याखालच्या कीटकनाशके नियम, 1971 नुसार दिला जातो. पैसे घेऊन घरात, दुकानात, गोदामात किंवा शेतात कीटकनाशक वापरण्याच्या कामाला या नियमांत 'व्यावसायिक कीड नियंत्रण' मानलं आहे, आणि त्यासाठी परवाना बंधनकारक आहे. तो महापालिका देत नाही, राज्याचा कृषी विभाग देतो. अनेकांना हे ऐकून नवल वाटतं. पण कीटकनाशकांचा सगळा कारभारच शेतीखात्याकडे आहे: औषधांची नोंदणी फरिदाबादच्या केंद्रीय मंडळाकडे, विक्री आणि वापराचे परवाने राज्यांकडे.

हा परवाना कुणालाही मिळत नाही. संस्थेत किमान एक जण शेतीचा पदवीधर किंवा रसायनशास्त्र घेतलेला विज्ञान पदवीधर असावा लागतो. शिवाय त्याने कीड नियंत्रणाचं ठरावीक प्रशिक्षण घेतलेलं असावं लागतं. असं प्रशिक्षण देणाऱ्या जुन्या संस्था म्हणजे म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था, हापूडची धान्य साठवणूक संस्था आणि हैदराबादची वनस्पती संरक्षण संस्था. घरी येणारा प्रत्येक मुलगा पदवीधर असेल असं नाही, तशी अपेक्षाही नको. पण तो ज्याच्या नावाने येतो त्याच्याकडे हा परवाना आणि असा तज्ज्ञ हवा.

परवान्याची प्रत हातात आली की पुढच्या गोष्टी वाचा:

- परवान्यावरचं संस्थेचं नाव आणि बिलावरचं नाव एकच आहे का. इथेच सगळ्यांत जास्त बनवाबनवी चालते. परवाना एकाचा, काम दुसऱ्याचं.
- पत्ता कोणता आहे. परवाना ठरावीक जागेसाठी दिलेला असतो. परवाना नाशिकच्या पत्त्याचा आणि काम ठाण्यात चाललं असेल तर शाखेची नोंद कुठे आहे ते विचारा.
- मुदतीची किंवा नूतनीकरणाची नोंद.
- कोणत्या कामाचा परवाना आहे. कीटकनाशक विक्रीचा परवाना वेगळा. कृषी सेवा केंद्राचा विक्री परवाना दाखवून फवारणीचं काम घेता येत नाही.
- तज्ज्ञ व्यक्तीचं नाव. ती व्यक्ती आजही त्यांच्याकडे आहे का, हे फोनवर सहज विचारता येतं, आणि उत्तर द्यायला लागलेल्या वेळातच बरंच कळतं.

शंका आली तर परवाना क्रमांक घेऊन कृषी विभागाच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करा. गोव्यात कृषी संचालनालयाकडे. उद्योगाच्या संघटना आहेत, उदाहरणार्थ इंडियन पेस्ट कंट्रोल असोसिएशन. तिथलं सदस्यत्व चांगलंच, पण तो परवान्याचा पर्याय होत नाही.

अ‍ॅपवरून बुकिंग करणाऱ्यांनी थोडं जास्त सावध राहावं. अ‍ॅपचं नाव मोठं असतं, पण काम करणारा बहुतेक वेळा स्थानिक भागीदार असतो. "परवाना कुणाच्या नावाचा आहे?" हा प्रश्न चॅटमध्ये लेखी विचारा आणि उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा.

दर: आकडे आणि त्यामागचा हिशेब

मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, नागपूर या शहरांत साधारण पुढच्या पट्ट्यात कोटेशनं येतात. भाग, घराची अवस्था आणि हंगाम यांनुसार वर-खाली होतं. पावसाळ्याच्या तोंडावर आणि दिवाळीआधी चढ असतो.

झुरळांसाठी जेल आणि मोरीत फवारणी, एका वेळचं काम: 1 बीएचकेला 700 ते 1,200 रुपये, 2 बीएचकेला 1,000 ते 1,600, 3 बीएचकेला 1,300 ते 2,200. वर्षाचा करार, म्हणजे एएमसी, तीन फेऱ्यांची असेल तर 2 बीएचकेला 2,000 ते 3,500.

ढेकणांसाठी दोन फेऱ्या धरून 2 बीएचकेला 2,000 ते 4,000. सामान जास्त, तर दर जास्त. ते रास्तच आहे, कारण सगळा वेळ पलंग उघडण्यात जातो.

उंदरांसाठी एका घराला 800 ते 1,500. पण भोकं आणि पाइपांभोवतीच्या फटी बुजवल्या नाहीत तर हे पैसे गेले समजा. चिकट पुठ्ठ्याचा आग्रह धरू नका. त्यात प्राणी तासन् तास तडफडत राहतो, आणि भारतीय प्राणी कल्याण मंडळानेही त्याविरुद्ध सूचना दिलेल्या आहेत. पिंजरा किंवा लॉक होणारा बेट बॉक्स, म्हणजे आमिषाची बंद पेटी, बरा.

वाळवीसाठी, राहत्या घरात भोकं पाडून केलेलं काम चौरस फुटाला 6 ते 12 रुपये. 700 चौरस फुटांच्या घराला 4,200 ते 8,400 होतात. काही जण भिंतीच्या धावत्या फुटावर दर लावतात. तुलना करताना दोन्ही कोटेशनं एकाच मापात मागा, नाहीतर स्वस्त कोण हे कळणारच नाही.

या सगळ्यांवर 18 टक्के जीएसटी. "बिल नको असेल तर जीएसटी सोडतो" ही ऑफर ऐकायला गोड, पण बिल नाही म्हणजे हमीही नाही आणि तक्रारीला जागाही नाही. धंदा लहान असेल आणि जीएसटी नोंदणी नसेल तर हरकत नाही, पण मग बिलावर जीएसटी लावता येत नाही. नोंदणी क्रमांक न छापता 18 टक्के घेणारे भेटतात, त्यांना क्रमांक विचारा.

आता आतला हिशेब. 2 बीएचके घराच्या झुरळांना जेलची एक छोटी सिरिंजही पूर्ण लागत नाही. म्हणजे तुमच्या पैशांतला मोठा वाटा औषधाचा नसून माणसाच्या वेळेचा आणि प्रवासाचा असतो. त्यामुळे दर अर्ध्यावर येतो तेव्हा वेळ अर्धा होतो: ट्रॉल्या काढल्या जात नाहीत, दुसरी फेरी "उद्या येतो" वर जाते. औषधात काटकसर होते ती वेगळ्या प्रकारे, घरासाठी नोंदलेल्या औषधाऐवजी शेतीचं स्वस्त औषध पंपात जातं. 399 रुपयांत पूर्ण घर, अशा जाहिरातीत यातलं काहीतरी एक झालेलं असतंच. उलट, दुप्पट दर म्हणजे दुप्पट चांगलं काम असंही नाही. मोठ्या नावाच्या कंपनीत जाहिरातीचा आणि विक्रेत्याच्या कमिशनचा बोजा तुमच्याच बिलात असतो. परवाना असलेला, आपल्याच भागातला आणि फोन उचलणारा ठेकेदार मला घरगुती कामाला जास्त पसंत आहे.

कोटेशन लेखी घ्या, निदान व्हॉट्सअ‍ॅपवर

त्यात एवढं हवं: कोणत्या कीटकासाठी, कोणकोणत्या खोल्या, कोणतं औषध (नाव आणि टक्केवारी), किती फेऱ्या आणि कोणत्या तारखांच्या आसपास, हमी किती महिन्यांची, हमीत तक्रारीवर फुकट येणार का, जीएसटी धरून रक्कम. "चांगलं कंपनीचं केमिकल" हे औषधाचं नाव नव्हे. "इमिडाक्लोप्रिड 2.15 टक्के जेल" हे नाव. "फिप्रोनिल 0.05 टक्के जेल" हे नाव.

"हर्बल" शब्दावर भुलू नका. वास येत नाही म्हणजे वनौषधी, असं नाही. जेललाही वास नसतो, आणि ते कृत्रिम कीटकनाशकच असतं. हर्बल म्हणणाऱ्याला लेबलचा फोटो मागा. मग बोलणं लगेच जमिनीवर येतं.

आगाऊ रक्कम अर्ध्यापेक्षा जास्त देऊ नका. दोन फेऱ्यांचं काम असेल तर शेवटचा हप्ता दुसऱ्या फेरीनंतर. यूपीआय करताना खातं संस्थेच्या नावाचं आहे का बघा, आलेल्या मुलाच्या खासगी नंबरवर पैसे टाकू नका.

कामाच्या दिवशी काय बघायचं

आदल्या रात्री ओट्याखालचे डबे, ट्रॉल्यांतली भांडी आणि सिंकखालचं सामान बाहेर काढून झाका. ढेकणांचं काम असेल तर चादरी, अभ्रे, पडदे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात घाला. घरात माशांची टाकी असेल तर काच झाका आणि हवेचा पंप काही तास बंद ठेवा. डेल्टामेथ्रिन, सायफ्लुथ्रिन या जातीची औषधं माशांना फार थोड्या प्रमाणातही मारक असतात. टाकी झाकून पंप चालू ठेवला तर तोच पंप खोलीतली हवा पाण्यात ढकलतो. फवारणीच्या खोलीत मांजर, पक्षी, तान्हं मूल, गरोदर बाई किंवा दम्याचा रुग्ण नको.

माणूस आला की औषधाची मूळ बाटली मागा. सील समोर फोडलं गेलं तर उत्तम. पाण्याच्या बाटलीत भरून आणलेलं पांढरं द्रावण असेल तर काम थांबवा. मूळ बाटलीच्या लेबलवर पाच गोष्टी शोधा: सीआयआर अक्षरांनी सुरू होणारा नोंदणी क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत संपण्याची तारीख, कोणत्या वापरासाठी आहे ते आणि चौकोनातला रंगीत त्रिकोण. लाल त्रिकोण सगळ्यांत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. राहत्या घरात लाल त्रिकोणाची बाटली दिसली तर पंप खाली ठेवायला सांगा. लेबलचा फोटो काढा. काही बिघडलं तर डॉक्टरला सगळ्यांत आधी हाच फोटो लागेल, कारण उपचार औषधाप्रमाणे ठरतात.

दोन औषधांबद्दल ठाम राहा. एक, डायक्लोरव्हॉस. 'नुवान' या नावाने ते घराघरांत माहीत होतं. केंद्र सरकारच्या 2018 च्या आदेशाने 31 डिसेंबर 2020 पासून त्याच्या विक्रीवर आणि वापरावर बंदी आहे. "जुना स्टॉक आहे, एकदम जालीम" असं कुणी म्हणालं तर त्याला दारातूनच परत पाठवा. दुसरं, क्लोरपायरिफॉस. वाळवीच्या कामात ते वापरतात, पण झुरळांसाठी किंवा ढेकणांसाठी खोलीत फवारायचं औषध ते नव्हे. रॉकेलसारखा उग्र वास खोलीभर सुटला की कोणती बाटली वापरली ते विचारा.

जेल लावताना शेजारी उभे राहा. चांगला माणूस टॉर्च घेऊन बिजागरीच्या खाचेत, ट्रॉलीच्या चॅनेलमागे, गॅसच्या नळीच्या भोकाशी, फ्रिजच्या दाराच्या रबरामागे मोहरीएवढे ठिपके देत जातो आणि जिथे झुरळांची विष्ठा जास्त तिथे ठिपके दाट करतो. वाईट माणूस ओट्याच्या कडेने लांब रेघ ओढतो आणि दहा मिनिटांत "झालं साहेब" म्हणतो. जेल लावलेल्या जागेवर फवारणी करू देऊ नका. फवारलेल्या जागेवर झुरळं फिरकत नाहीत, मग जेल खाणार कोण? पुढचे पंधरा दिवस त्या जागा ओल्या फडक्याने पुसायच्या नाहीत, कामवाल्या मावशींनाही दाखवून ठेवा. जेल खाऊन मेलेलं झुरळ बाकीची झुरळं खातात आणि तीही मरतात. म्हणून पहिल्या आठवड्यात दिवसाढवळ्या झिंगलेली झुरळं दिसली तर घाबरू नका, जेल काम करतंय.

फवारणी झाली असेल तर खिडक्या-पंखे चालू करून तीन-चार तास घर मोकळं ठेवा. लेबलवर जास्त वेळ दिला असेल तर तो पाळा. उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतायचं नाही, रिकाम्या बाटल्या ठेकेदाराने परत न्यायच्या. घराच्या कचऱ्यात टाकल्या तर त्या कचरा वेचणाऱ्यांच्या हातात जातात.

वाळवीचं काम: मोजून घ्या

वाळवीच्या कामात फसवणूक सोपी असते, कारण औषध भिंतीत जातं आणि परिणाम कळायला वर्ष लागतं. पण हे काम मोजता येतं. भारतीय मानक आयएस 6313 चा तिसरा भाग राहत्या इमारतींसाठी आहे. त्यात तळमजल्याच्या फरशीला, भिंतीच्या कडेने साधारण 300 मिलिमीटरवर, म्हणजे फुटाफुटावर भोकं घेऊन प्रत्येकात औषध जिरेपर्यंत किंवा जास्तीत जास्त एक लिटर सोडायला सांगितलं आहे.

आता तुमच्या घराचा हिशेब करा. तळमजल्यावरच्या घराच्या भिंतींची कड 100 फूट भरली तर भोकं जवळपास 100 हवीत. द्रावण जिरेल तेवढं, पण लागणार ते बादल्यांच्या मापात. इमिडाक्लोप्रिड 30.5 टक्के असेल तर लेबलवर लिटरभर पाण्याला 2.1 मिलिलिटर असं प्रमाण असतं, म्हणजे 100 लिटरला 210 मिलिलिटर. जो माणूस पाच लिटरचा पंप घेऊन येतो, तीस भोकं पाडतो आणि तासाभरात निघतो, त्याने काम केलेलं नाही. वरच्या मजल्यांवर खाली माती नसते, तिथे औषध कमी जिरतं आणि भर चौकटी, डक्ट, लाकडाचे सांधे यांवर असतो. हे ठेकेदाराने तुम्हाला सांगायला हवं.

ड्रिल चालू होण्याआधी भिंतीतल्या पाइपांच्या आणि वायरिंगच्या लाइन खडूने आखून द्या. टाइल्सच्या सांध्यात भोक घ्यायला सांगा. शेवटी पांढऱ्या सिमेंटने बुजवून घ्या, पण बुजवण्याआधी भोकं मोजा. ओल मात्र औषधाने जात नाही. गळकी मोरी दुरुस्त केल्याशिवाय वाळवीच्या हमीला अर्थ नाही, आणि बहुतेक हमीपत्रांत बारीक अक्षरांत तेच लिहिलेलं असतं.

नवा फ्लॅट असेल तर ताबा घेताना बिल्डरकडून पायाच्या वेळी केलेल्या वाळवीरोधक कामाचं प्रमाणपत्र मागा. त्यावर ठेकेदाराचं नाव, औषध आणि हमीची वर्षं असतात. नंतर मागितलं तर फाइल सापडत नाही.

गोळ्या ठेवतो म्हणाला, तर बाहेर काढा

ढेकणांसाठी किंवा उंदरांसाठी "खोलीत गोळ्या ठेवतो, दार टेपने बंद करा, उद्या उघडा" असं कुणी सुचवलं तर ते अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड आहे असं धरून चाला. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फीन वायू सुटतो. गोदामातल्या धान्यासाठीचं हे धुरीकरण आहे. त्याला साध्या पेस्ट कंट्रोलच्या परवान्याच्या पलीकडे केंद्राच्या वनस्पती संरक्षण सल्लागारांची मान्यता लागते. राहत्या इमारतीत त्याला जागाच नाही. वायू फटींतून, डक्टमधून शेजारच्या आणि वरच्या घरात जातो. पेस्ट कंट्रोलनंतर माणसं दगावल्याच्या बातम्या मुंबई-पुण्यात येऊन गेल्या आहेत.

लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास, मळमळ, उलटी, छातीत दाटणं, चक्कर, यातलं काहीही जाणवलं तर आधी सगळे बाहेर, मग फोन. 108 ला रुग्णवाहिका मागवा, शेजाऱ्यांनाही बाहेर काढा. फॉस्फीनवर उतारा नाही, दवाखान्यात केवळ लक्षणांवर उपचार होतात, त्यामुळे "थोडं पडून बघू" म्हणायला वेळ नसतो. इतर कीटकनाशकांच्या विषबाधेत डॉक्टरला किंवा घरच्यांना सल्ला हवा असेल तर दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा 1800 116 117 हा मोफत क्रमांक आहे. उंदरांच्या ब्रोमाडायोलोन वडीने रक्त गोठणं थांबतं. मुलाने ती तोंडात घातल्याची नुसती शंका असली तरी पाकीट घेऊन दवाखाना गाठा, त्यावर व्हिटॅमिन के हा उतारा आहे.

काम फसलं तर

आधी हमीतली फुकट फेरी लेखी मागा, फोटोसह. दोन-तीन आठवडे जाऊ द्या, जेलला तेवढा वेळ लागतोच. त्यानंतरही दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा. बरेचसे ठेकेदार इथेच वठणीवर येतात. पुढची पायरी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाची. मोजलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर दाखल करायला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते. बिल, कोटेशन, परवान्याची प्रत आणि लेबलचा फोटो एवढी कागदं जोडा.

परवाना नसताना काम केलं किंवा बंदी असलेलं औषध वापरलं, ही मात्र ग्राहक आयोगापुरती गोष्ट नाही. ती कृषी विभागाकडे द्या. कीटकनाशक निरीक्षक नेमलेले असतात, त्यांना जागा तपासण्याचा आणि औषधाचा नमुना घेण्याचा अधिकार आहे. अर्जात ठेकेदाराचं नाव, पत्ता, कामाची तारीख आणि बाटलीचा बॅच क्रमांक लिहा, आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.